सगळे गेम एकाच साखळीने मोजू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मुले आणि व्हिडिओ गेम या विषयावर बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. बहुतेकांचा सूर असा की गेम म्हटला की तो एक तर जुगार असतो, नाही तर डोके बधिर करणारा गोळीबार, आणि म्हणून शाळा, पालक आणि गल्लीगल्लीतली मंडळे यांनी मिळून तो घराबाहेर काढावा. या मागणीमागची काळजी खोटी नाही. बेळगावात आणि आसपासच्या गावांत मोबाईलवर पैसे लावून कर्जबाजारी झालेली पोरे मीही पाहिली आहेत. परंतु भूमी अभिलेखाच्या कामात मोजणीदार म्हणून उभे आयुष्य काढलेल्या माणसाला या पत्रांतली एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही, ती म्हणजे बागायत, जिरायत आणि नापीक पोटखराबा या तिन्हींना सरसकट एकच शेतसारा लावल्यासारखा त्यांतला हिशेब. म्हणून हे पत्र.

हा फरक कायद्यालाही कळतो. कर्नाटक सरकारने २०२१ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली होती. त्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच ऑनलाइन गेमिंगसंबंधी कायदा केला आणि पैसे लावण्याचे खेळ, मग ते स्वतःला कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, एका बाजूला काढून त्यांच्यावर बंदी घातली. स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ दुसऱ्या बाजूला ठेवले. दिल्लीला जे वर्गीकरण जमले, ते आपल्या पत्रलेखकांना जमू नये याचे आश्चर्य वाटते.

आता ज्या खेळाबद्दल मला लिहायचे आहे त्याकडे वळतो. माझी नात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. तिने पावसाळ्यात घरच्या संगणकावर ‘विझर्ड्री’ नावाचा एक खेळ आणला. मूळ खेळ १९८१ सालचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी तो अॅपल टू या संगणकासाठी पास्कल भाषेत लिहिला होता. त्याच्याही मागे १९७४ साली निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ होता, ज्यात चार-पाच मित्र एका टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात आणि भुयारात उतरल्याचे नाटक शब्दांनी रचतात. नातीकडे आहे ती २०२४ साली डिजिटल इक्लिप्स या कंपनीने काढलेली नवी आवृत्ती. तिची विशेष गोष्ट अशी की जुन्या खेळाची आज्ञावली तशीच आत चालू ठेवून वरून नवे रंगरूप चढवले आहे, आणि हवे असेल तर पडद्याच्या एका कोपऱ्यात १९८१ चे ते काळ्या पार्श्वभूमीवरचे रेघांचे चित्रही पाहत बसता येते. मला ते रेघांचेच चित्र आवडते. सजावटीने डोळा भुलत नाही. भिंत कुठे आहे आणि दार कुठे, एवढेच दिसते.

खेळाचा ढाचा साधा आहे. सहा जणांची टोळी बांधायची: कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी भटजी, कोणी चोर. पुढच्या तिघांनी शस्त्रे चालवायची आणि मार खायचा, मागच्या तिघांनी मंत्र आणि अक्कल चालवायची. नातीने सहाही जणांना आमच्या भाऊबंदांची नावे दिली आहेत. चोर कोणाला केले ते मी इथे लिहीत नाही, कारण आपले दैनिक त्यांच्याही घरी येते. ही टोळी किल्ल्याखालच्या दहा मजली भुयारात उतरते. प्रत्येक मजला बुद्धिबळाच्या पटासारखा वीस बाय वीस घरांचा, म्हणजे चारशे घरांचा. जुन्या मोजणीदाराची खोड म्हणून सांगतो, एक घर म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा एक गुंठा धरला तर एकेक मजला दहा एकरांचा आणि सगळे भुयार शंभर एकरांचे होते. मात्र एकदम समोर दिसते ते फारतर दोन-तीन घरांचे अंतर. एक पाऊल म्हणजे एक घर, वळायचे तर काटकोनात. शंभर एकर जमीन अशी पावलापावलाने, हातात दिवा धरून पाहायची आहे, हे कळल्यावर माझ्यासारख्याला खुर्ची ओढून शेजारी बसणे भागच होते.

नव्या आवृत्तीत नकाशा आपोआप दाखवण्याची सोय आहे, परंतु नातीने पहिल्याच दिवशी ती वापरायची नाही असे ठरवले आणि खडेबाजारातून आलेख कागदाची वही आणली. तेव्हापासून आमची कामे वाटलेली आहेत. ती टोळी चालवते आणि मोठ्याने सांगते, ‘पुढे दोन, डावीकडे दार, उजवीकडे भिंत’; मी टिपण घेतो आणि कागदावर उतरवतो. भिंतीला ठळक रेघ, दाराला छोटी आडवी खूण, ज्या घरात सापळा आहे तिथे फुली, जिथे अजून पाय ठेवलेला नाही ते घर कोरे. ही पद्धत मी तिला शिकवली, असे म्हणायला मला आवडले असते. पण १९८१ साली अमेरिकेतली पोरेही असेच कागद घेऊन बसत होती, आणि खेळ करणाऱ्यांनी तसेच गृहीत धरून भुयार रचले आहे.

किंबहुना नकाशा काढणाऱ्याची खोडी काढण्यासाठीच ते रचले आहे असे म्हणावे लागेल. काही घरांत पाऊल पडताच टोळी जागच्या जागी गर्रकन फिरते आणि तोंड कोणत्या दिशेला झाले ते कळत नाही. काही घरांत दिवा विझतो आणि सगळा पट्टा काळोखात चाचपडत ओलांडावा लागतो. काही घरे टोळीला न सांगता उचलून दुसरीकडे ठेवतात. खालच्या एका मजल्यावर आमचा नकाशा कागदाच्या पूर्वेच्या कडेबाहेर निघाला. वीस घरे भरली तरी वाट संपेना, एकविसावे आणि बाविसावे घर वहीच्या समासात आले. मोजणीत अशा वेळी आम्ही ओळखीच्या खुणेवर परत जातो आणि फेरी जुळते का, किती फरक पडतो, ते पाहतो. इथे त्यासाठी मांत्रिकाजवळ एक छोटा मंत्र असतो. तो टाकला की किल्ल्याच्या जिन्यापासून तुम्ही पूर्वेला किती घरे, उत्तरेला किती आणि खाली किती मजले आहात आणि तोंड कुठे करून उभे आहात, एवढे कळते. मंत्र टाकला. पूर्वेचा आकडा एकविसाऐवजी एकदम मागे, पश्चिमेच्या कडेचा निघाला. नातीने क्षणभर कागदाकडे पाहिले, तो टेबलावरून उचलला आणि नळीसारखा गुंडाळून पूर्वेची कड पश्चिमेच्या कडेला चिकटवली. मजल्याला कडाच नव्हती. पूर्वेकडून बाहेर पडलेला पश्चिमेकडून आत येत होता. मग ती म्हणाली की उत्तर-दक्षिणेचेही असेच असणार, आणि तो कागद दोन्हीकडून कसा जोडता येईल यावर आमचा बराच वेळ गेला. सोळा वर्षांच्या मुलीने पाठ्यपुस्तकाच्या कोणत्याही धड्याशिवाय सहनिर्देशक, दिशा आणि पृष्ठभाग यांचा असा विचार करताना मी पूर्वी पाहिले नव्हते, आणि माझ्या हाताखाली पदवीधर पोरेही काम करून गेली आहेत.

दुसरी गोष्ट हानीची. आजच्या बहुतेक मोबाईल गेममध्ये मेले की पुन्हा उभे राहता येते आणि लवकर उभे राहायचे असेल तर पैसे भरता येतात. इथे तसे नाही. मूळ खेळात जे घडले ते तत्काळ डिस्कवर लिहिले जाई. मागे फिरून कालची अवस्था पुन्हा आणता येत नसे. पात्र मेले तर त्याला उचलून वर देवळात न्यावे लागते, भरपूर दक्षिणा मोजावी लागते, आणि तरीही विधी फसू शकतो. फसला की देहाची राख होते, राखेवरचा विधीही फसला की ते पात्र कायमचे गेले. सगळीच टोळी आत पडली तर ती तिथेच राहते, आणि नवी टोळी बांधून, तिला हळूहळू तयार करून, जुन्यांना शोधून आणायला खाली धाडावे लागते. म्हणून खेळणारा प्रत्येक दारापाशी हिशेब करतो: जखमा किती, मंत्र किती उरले, जिना किती घरे मागे आहे, वाटेत काळोखाचा पट्टा आहे का. हा हिशेब करताना नकाशा नसेल तर माणूस संपला. ‘आबा, भटजीचे मंत्र संपलेत, आता वर चला बघू,’ असे नात म्हणते तेव्हा पुढचे दार उघडण्याचा मोह मलाच जास्त झालेला असतो.

वर आल्यावर सरायीत मुक्काम करायचा. खोल्यांचे दर वेगवेगळे आहेत आणि महागड्या खोलीत जखमा लवकर भरतात, परंतु तबेल्यात झोपणे फुकट असते आणि तेवढ्यानेही मंत्र पुन्हा भरून येतात. त्यामुळे अनुभवी खेळाडू जखमी लोकांवर भटजीकरवी मंत्र टाकतो, भटजीला तबेल्यात झोपवतो, सकाळी पुन्हा मंत्र टाकतो, आणि एक पैसा न घालवता सगळ्यांना बरे करतो. हा काटकसरीचा मार्ग नातीने स्वतः शोधला आणि मला तो पाहून माझ्या आईची आठवण झाली.

या खेळात सगळेच गोड आहे असे मी म्हणत नाही. त्याच त्या लढाया पुन्हापुन्हा होतात आणि पात्रांची पातळी वाढावी म्हणून एकाच खोलीत किती तरी वेळा शिरावे लागते. हा भाग मला रटाळ वाटतो आणि रात्री जागवणारा तोच आहे, कारण ‘एवढ्यात पातळी वाढेल’ ही आशा झोपेपेक्षा बळकट ठरते. शिवाय चौथ्या मजल्यावरून निघणारी लिफ्ट टोळीला थेट नवव्या मजल्यापर्यंत नेते, आणि पाचवा ते आठवा हे चार मजले पाहिलेच नाहीत तरी खेळ पुरा करता येतो. यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. जिथे काम नाही तिथे जीव धोक्यात घालून कशाला जायचे, हे नातीचे म्हणणे. मोजणीला निघालेल्याने सोयीचे नाहीत म्हणून चाळीस एकर कोरे सोडू नयेत, हे माझे. सध्या ती लिफ्टने खाली जाते, आणि रविवारी माझ्या हट्टासाठी पाचव्या मजल्यावर थोडी फेरी मारून येते.

असा खेळ आता कोण खेळतो, असे कोणी विचारील. हा केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणींचा बाजार नाही. जपानमध्ये याच खेळाचा प्रभाव घेऊन १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निघाला आणि तिकडच्या भूमिका-खेळांची सगळी परंपरा त्यावर उभी राहिली. २००७ साली अॅटलस या जपानी कंपनीने ‘एट्रियन ओडिसी’ काढला, त्यात हातात धरायच्या दोन पडद्यांच्या यंत्राच्या खालच्या पडद्यावर खेळणाऱ्याने स्वतः लेखणीने नकाशा काढायचा असतो. २०१२ साली फिनलंडमधल्या ‘ऑलमोस्ट ह्यूमन’ या चिमुकल्या कंपनीने ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ केला. त्यातही तीच घराघरांची चाल, तेच काटकोनातले वळण, आणि सुरुवातीलाच जुनी रीत निवडली तर आपोआप निघणारा नकाशा बंद होतो. चार कैद्यांना डोंगराच्या माथ्यावरून भुयारात ढकलून दिलेले असते आणि मशाली जळून संपतात, म्हणून उजेडसुद्धा मोजून वापरावा लागतो. भिंतीतला एखादा दगड किंचित वेगळा दिसतो, तो दाबला की गुप्त खोली उघडते. नात म्हणते विझर्ड्रीपेक्षा हा बरा, कारण त्यात डोळे उघडे ठेवणाऱ्याला बक्षीस मिळते. मला त्यात हात चालवण्याची घाई नको वाटते. लढाई थांबून चालत नाही, शत्रूभोवती चार घरांचा फेर धरून वार करत राहावे लागते, आणि माझी बोटे तेवढी चपळ राहिलेली नाहीत.

आता आपल्या भागाविषयी. दिवाळीत शहापूर, वडगाव, अनगोळपासून थेट खानापूरपर्यंत गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. पोरे आठ-आठ दिवस चिखलात बसून बुरूज, तटबंदी, चोरवाटा रचतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि आपले दैनिक त्यांची छायाचित्रे छापते. परंतु त्या किल्ल्याचा प्रमाणात काढलेला आराखडा मागणारी स्पर्धा माझ्या पाहण्यात नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर सहल नेणाऱ्या शाळा मुलांना इतिहास सांगतात, पण तटाची एक बाजू पावलांनी मोजून कागदावर उतरवायला लावत नाहीत. ज्या भागाचे भवितव्य १९५६ पासून नकाशावरच्या एका रेषेवरून अडकून पडले आहे आणि ज्या रेषेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तिथल्या मुलांना नकाशा वाचता येतो पण काढता येत नाही, ही अवस्था मला व्हिडिओ गेमपेक्षा अधिक काळजीची वाटते.

आणखी एक अडचण आहे, आणि ती गेमविरोधकांनी लक्षात घेतलेली नाही. असे खेळ मुख्यतः वाचण्याचे असतात आणि ते सगळे वाचन इंग्रजीत आहे. आमची मुले शाळेत कन्नड आणि इंग्रजी वाचतात, घरी मराठी बोलतात आणि मराठी वाचन सहामाहीगणिक मागे पडते, अशी तक्रार आपल्याकडच्या प्रत्येक ग्रामीण साहित्य संमेलनाच्या मांडवात होते. घराघरांचे भुयार, रेघांच्या भिंती आणि चार ओळींचा मजकूर एवढ्यावर उभा राहणारा हा प्रकार दोन विद्यार्थ्यांनी चार दशकांपूर्वीच्या यंत्रावर करून दाखवला होता. बेळगावात १९९८ पासून तांत्रिक विद्यापीठ आहे, आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि त्यांत मराठी बोलणारी पोरे संगणकशास्त्र शिकत आहेत. मराठी मजकुराचे असे एखादे भुयार त्यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून करायला घेतले तर त्याला चित्रकारांची फौज लागणार नाही. लागेल तो नीट मराठी लिहिणारा एक माणूस आणि नकाशा तपासणारा दुसरा. त्या दुसऱ्या कामासाठी मी उपलब्ध आहे.

माझी मागणी दोन गोष्टींपुरती आहे. पहिली आपल्याकडे: गेमसंबंधी बातमी किंवा पत्र छापताना तो पैसे लावण्याचा खेळ आहे, सतत जाहिराती आणि खरेदीचे आमिष दाखवणारा आहे, की एकदा विकत घेऊन घरी शांतपणे खेळण्याचा आहे, एवढे तरी त्यात लिहून यावे. दुसरी वाचनालये आणि मंडळे यांच्याकडे: १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे तिथे सुट्टीच्या दिवसांत एका कोपऱ्यात एक संगणक, एक असा जुन्या धाटणीचा खेळ आणि भोवती चार-पाच मुलांना बसायला जागा करणे अवघड नाही. एकाने चालवावे, बाकीच्यांनी नकाशा काढावा, आणि येत्या दिवाळीत त्याच मुलांकडून किल्ल्याबरोबर त्याचा आराखडाही मागावा. विझर्ड्रीची नवी आवृत्ती फार जुन्या संगणकावर नीट चालणार नाही असे नात बजावते, तेव्हा संगणक बरा लागेल. तो कोणी दिला तर आलेख कागद, पेन्सिली आणि खोडरबर यांचा वर्षभराचा खर्च मी करीन आणि शनिवारी संध्याकाळी येऊन बसेन. इतर दिवशी येणे गुडघ्यांना झेपणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मोजणीदार
शहापूर, बेळगाव